दोन हजार फूट समुद्र

१९४३ साली सिनेमाचं तिकीट काढणाऱ्याला आधी युद्ध बघावं लागे. भारत संरक्षण नियमांत '४४-अ' नावाचं कलम घालून सरकारनं देशभरच्या सिनेमावाल्यांना फर्मावलं होतं, की दर खेळाला किमान २,००० फूट सरकारमान्य फिल्म दाखवलीच पाहिजे. ३५ मिलिमीटरच्या रिळाचे २,००० फूट म्हणजे साधारण २२ मिनिटं. वर त्याचं भाडं मालकानंच भरायचं. याच काळात कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला म्हणून कथापटांची लांबी ११,००० फुटांवर अडवली होती. आपली गोष्ट अकरा हजारांत आटोपती घ्यायची आणि साहेबाच्या गोष्टीला दोन हजार मोकळे ठेवायचे, असा तो हिशेब.

त्या बावीस मिनिटांत रणगाडे असत, कारखाने असत, भरतीची आवाहनं असत. आणि समुद्र असे. करड्या लाटा, पुढं झुकलेली तोफ, कानांवर हात दाबलेले खलाशी, मग धूर. समुद्र कधीच न पाहिलेल्या माणसांच्या डोळ्यांत हा समुद्र उतरत होता. तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, पडदा पक्क्या इमारतीत असो की जत्रेच्या तंबूत, कायदा एकच. सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाडीतून पत्र्याचे डबे उतरायचे, ऑपरेटर रीळ चढवायचा, कार्बनच्या कांड्या पेटायच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बसलेल्या माणसाला अटलांटिकमधल्या पाणबुड्यांची खबर मिळायची.

निवेदन मात्र त्याच्या भाषेत नसे. सरकारी युद्धपट निघत ते पाच भाषांत : इंग्रजी, हिंदुस्तानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू. त्यांत मराठी नव्हती. मग अहिराणी, भिली, पावरी यांचा विचार कोण करणार? समोर बसलेल्यांपैकी कित्येकांना निवेदकाचा भारदस्त आवाज तोफेच्या आवाजाइतकाच कळत असणार. कथा सांगायचं काम चित्रावर पडलं, आणि समुद्रयुद्धाचं चित्र हा सगळा मुळातच अडचणीचा मामला आहे.

आज हे जुने युद्धपट कशासाठी बघायचे, हा प्रश्न मी मुद्दाम नंदुरबारच्या बाजूनं विचारतो आहे. मुंबईत गोदीच्या दारात उभं राहून विचारला तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. पराक्रम, परंपरा, प्रेरणा. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण गाडीनं समुद्र गाठायला दीडशे किलोमीटर लागतात अशा ठिकाणाहून पाहिलं, की पडद्यावर जे आहे त्याच्याबरोबर जे नाही तेही दिसायला लागतं. खानदेशच्या बाबतीत जे नाही ते फार मोठं आहे.

अडचण आधी सांगतो. समुद्रावरची लढाई कॅमेऱ्यात मावत नाही. जमिनीवर दोन फौजा भिडतात तेव्हा निदान धूळ एकाच मैदानात उडते. दुसऱ्या महायुद्धातली जहाजं वीस-वीस किलोमीटरांवरून एकमेकांवर मारा करत होती, कधी रात्री तर कधी धुक्यात. विमानवाहू जहाजांची गोष्ट तर आणखी विचित्र. तिथं दोन्ही आरमारांनी एकमेकांना पाहिलंसुद्धा नाही. कॅमेरा ज्या जहाजावर, त्याच जहाजाचा डेक, तीच तोफ, तीच माणसं. शत्रू म्हणजे क्षितिजावरचा ठिपका, नाहीतर तेवढाही नाही.

जॉन फोर्डचा 'द बॅटल ऑफ मिडवे' हा या प्रकारातला सगळ्यांत गाजलेला चित्रपट. १८ मिनिटांचा, रंगीत, १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर टिपलेला. हॉलिवूडचा हा नामांकित दिग्दर्शक तेव्हा अमेरिकन नौदलाच्या गणवेशात होता. ४ जून १९४२ रोजी जपानी विमानं मिडवे बेटावर आली तेव्हा तो तिथल्या वीजघराच्या छतावर कॅमेरा घेऊन उभा होता. हाताला लोखंडाचा तुकडा लागून तो जखमी झाला. बॉम्बच्या हादऱ्यानं फिल्म दात्यांवरून सुटली, चित्र उडालं, तिरपं झालं. फोर्डनं ते कापलं नाही, तसंच ठेवलं. युद्धपटात कॅमेरा थरथरला म्हणजे दृश्य खरं, हा संकेत पुढं इतका रुजला की आज स्टुडिओत बसून मुद्दाम कॅमेरा हलवतात.

पण ज्या लढाईचं नाव चित्रपटाला आहे ती कुठं आहे? मिडवेचा निकाल लागला तो बेटापासून शेकडो किलोमीटर दूर, उघड्या समुद्रात. जपानची 'आकागी', 'कागा', 'सोर्यू' आणि 'हिर्यू' ही चार विमानवाहू जहाजं तिथं गेली. त्यांतल्या एकाचंही बुडणं चित्रपटात नाही. असणं शक्यच नव्हतं. त्याऐवजी आपल्याला बेटावरचे पक्षी दिसतात, जळती इमारत दिसते, झेंडा चढताना दिसतो. आणि शेवटच्या घडीला जोडलेला एक चेहराही दिसतो, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मुलाचा. आपला चित्रपट व्हाइट हाउसमध्ये कुणाच्या डोळ्यांसमोर जाणार हे फोर्डला पक्कं ठाऊक होतं. कलावंत धूर्त असू नये असं कुठं लिहिलंय?

हा चित्रपट मी नंदुरबारमध्ये काही पोरांना दाखवला. भरतीची तयारी करणारी, पहाटे मैदानावर धावणारी ही पोरं. पोलीस, लष्कर, नौदल, जे लागेल ते. झाडाखाली बसून मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर त्यांनी तो पाहिला. रंग बघून ती चकित झाली, इतकं जुनं आणि रंगीत! जखमी सैनिकांना स्ट्रेचरवरून नेतात तिथं गप्प झाली. संपल्यावर त्यांतल्या एकानं विचारलं, दादा, समोरच्याचं जहाज कुठंय? मला वाटतं, चित्रपट कसा पाहावा याचं शिक्षण याच प्रश्नापासून सुरू व्हावं. तो त्याला कुणी शिकवलेला नव्हता.

समोरचं जहाज दिसत नाही म्हणून ते तयार करण्याचे उद्योगही पुष्कळ झाले. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचं प्रत्यक्ष चित्रण फार थोडं होतं. मग ग्रेग टोलंड आणि फोर्ड यांच्या 'डिसेंबर सेव्हन्थ' या चित्रपटासाठी स्टुडिओत छोटी जहाजं, छोटी विमानं आणि स्फोट उभे केले गेले. मूळ लांब चित्रपट वरिष्ठांना पसंत पडला नाही. कापून अर्ध्याहून लहान केला तेव्हा त्याला ऑस्कर मिळालं. त्यातली बनावट दृश्यं पुढं अनेक दशकं बातम्यांत आणि माहितीपटांत खरी म्हणून फिरली. पलीकडं जपाननंही तेच केलं. पर्ल हार्बरच्या वर्षदिनाच्या तोंडावर, डिसेंबर १९४२ मध्ये, हवाई आणि मलायाच्या समुद्रातल्या विजयावरचा एक भव्य कथापट तिथं आला. त्यातली जहाजं बनवली होती एजी त्सुबुराया यांनी. पुढं १९५४ मध्ये 'गॉडझिला' उभा करणारे तेच हे गृहस्थ. प्रचार आणि राक्षस यांच्यात सुतारकाम एकच लागतं.

खरं चित्रण कसं असतं हे पाहायचं तर 'बारहॅम' पाहावं. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीनं 'बारहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेवर टॉर्पेडो मारले. शेजारच्या 'व्हॅलियंट' जहाजावर गॉमाँ-ब्रिटिश न्यूजचा कॅमेरामन जॉन टर्नर होता. जहाज कलायला लागतं, माणसं मुंग्यांसारखी त्याच्या बाजूवर चढतात, आणि काही मिनिटांत दारूकोठार फुटतं. आठशेहून अधिक माणसं गेली. निवेदन नाही, संगीत नाही. ब्रिटिश सरकारनं जहाज बुडाल्याची बातमीच दोन महिने दाबली आणि चित्रण युद्ध संपेपर्यंत. मग ते बाहेर आलं आणि त्याचं काय झालं? कुठलंही जहाज बुडताना दाखवायचं असलं की संकलक हाच तुकडा चिकटवू लागले. यूट्यूबवर समुद्रयुद्धाचं काहीही लावा, पाच-दहा मिनिटांत 'बारहॅम' कुठल्या तरी भलत्याच नावानं बुडतं. आठशे माणसांचा मृत्यू हा संकलकाच्या सोयीचा ऐवज झाला. माझ्या मते या चित्रणाचा याहून मोठा अपमान ते दाबून ठेवणाऱ्यांनीही केला नव्हता.

आता खानदेशकडं येऊ.

'द बॅटल ऑफ मिडवे' अमेरिकेत प्रदर्शित झाला तो सप्टेंबर १९४२ मध्ये. त्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यावर पोरांची मिरवणूक निघाली होती. 'चले जाव'ला महिना होत आला होता. मिरवणुकीत १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता झेंडा घेऊन होता. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. झेंडा चढतानाचं दृश्य फोर्डनं जगाला दाखवलं. हातात झेंडा असलेलं पोर पडतानाचं दृश्य कुणी टिपलं नाही. टिपायला तिथं कॅमेरा नव्हता, आणि असता तर सरकारचा असता.

हा योगायोग मी चटका लावण्यासाठी सांगत नाही. वर्षभरानं ४४-अ कलम आलं तेव्हा ज्यांना सक्तीनं स्वातंत्र्याच्या युद्धाची रिळं दाखवली जाणार होती, ते प्रेक्षक याच गावचे होते. लोकशाहीसाठी दोस्त राष्ट्रांची जहाजं कशी लढताहेत हे ते बघणार, आणि बाहेर पडल्यावर ज्या चौकातून घरी जाणार त्या चौकात काय झालं ते त्यांना माहीत. पडद्यावरच्या चित्राचा अर्थ पडद्यावर कधीच पुरा होत नाही. तो प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो.

हे चित्रपट बनवणारी मंडळी कोण होती? १९४० मध्ये सरकारनं फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केलं. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष. लंडनहून माहितीपटकार अलेक्झांडर शॉ आले. ते गेल्यावर काही काळ व्ही. शांताराम यांनी मंडळाची धुरा वाहिली आणि देशातलं वातावरण तापल्यावर ती खाली ठेवली. 'माणूस' आणि 'शेजारी' काढणारा माणूस सरकारी युद्धप्रचाराच्या खुर्चीवर बसला, ही गोष्ट आपल्याकडं जरा अवघडूनच सांगितली जाते. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. फॅसिझम हरला पाहिजे असं मनापासून वाटणारे आणि इंग्रज गेला पाहिजे असंही तितक्याच मनापासून वाटणारे लोक तेव्हा घरोघरी होते. १९४३ मध्ये बोर्डाच्या जागी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आली, इझ्रा मीर तिचे प्रमुख झाले, आणि जोडीला 'इंडियन न्यूज परेड' हे बातमीपत्र सुरू झालं. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, दोन्हींचा गाशा गुंडाळला. लोकांच्या मनात त्यांच्याविषयी इतकी अढी होती की वाचवायला फारसं कोणी पुढं आलं नाही. परिणाम असा की १५ ऑगस्ट १९४७ उजाडला तेव्हा देशाकडं स्वतःचं सरकारी चित्रणपथकच नव्हतं. फिल्म्स डिव्हिजन आली १९४८ मध्ये. तिनं ती जुनी सक्ती मात्र वारशानं घेतली, आणि 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' हे शब्द नंदुरबार-शहाद्याच्या टॉकीजांत पुढच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ झाले. उशिरा येणाऱ्याला ती न्यूज रीळ म्हणजे सोयच होती. सिनेमा अजून सुरू झालेला नसायचा.

चौकटीबाहेर काय राहतं याचा सगळ्यांत ठसठशीत दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्यात टॉर्पेडो आणि सुरुंगही, वर कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या लगडी. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं मेली, आग विझवायला गेलेले साठहून अधिक अग्निशमन जवान परतले नाहीत. आजही १४ एप्रिलला देशभर त्यांचं स्मरण होतं. सुधीश घटक हे छायाचित्रकार, ऋत्विक घटकांचे थोरले भाऊ, तेव्हा तिथं होते. त्यांनी आगीचं चित्रण केलं. लष्करी अधिकाऱ्यांनी ती फिल्म ताब्यात घेतली. काही भाग नंतर बातमीपटांतून लोकांपुढं आला. शिमल्याच्या भूकंपमापकावर स्फोटाची नोंद झाली. वर्तमानपत्रांना ती खुलेपणानं करायला जवळजवळ महिना थांबावं लागलं.

आणि त्याच १४ एप्रिलला पश्चिम खानदेशात, चिमठाण्याजवळ, धुळ्याहून नंदुरबारकडं निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे स्थानिक साथी. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास, त्या काळचे साडेपाच लाख. दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पण समजा, त्या आठवड्याचं 'इंडियन न्यूज परेड' तुम्ही नंदुरबारला तंबूत बसून बघताय. मुंबईची गोदी जळतेय, ते त्यात नाही. ज्या रस्त्यानं तुमच्याकडं एसटीच्या आधीच्या खाजगी मोटारी येत त्याच रस्त्यावर सरकारचा खजिना गेला, तेही त्यात नाही. दोन्ही खबरा तुम्हाला माहीत आहेत, पहिली मुंबईहून आलेल्या पाहुण्याकडून आणि दुसरी चहाच्या दुकानातून. सरकारी रिळाला त्या जमावात किती किंमत उरली असेल?

तरीही ती रिळं मला फेकून द्यावीशी वाटत नाहीत. उलट जपावीशी वाटतात, आणि त्याचं कारण प्रचाराच्या आतच आहे. प्रचारपट काढणाऱ्याला लढाई दाखवता येत नव्हती म्हणून त्यानं माणसं दाखवली. तोफगोळा हातोहात वर चढवणारे चार जण, इंजिनघरात घामानं निथळणारा आगवाला, बूट न काढता झोपलेला पोरगा. पॅट जॅक्सनचा 'वेस्टर्न ॲप्रोचेस' (१९४४) तर नटांशिवायच केलेला. खरे व्यापारी खलाशी, खरी जीवनरक्षक होडी, खरा समुद्र आणि जॅक कार्डिफचा अवजड टेक्निकलर कॅमेरा. कथा रचलेली, तरी ओलं वल्हं धरणारे हात खरे. अभिनय येत नाही म्हणून ही माणसं अडखळत बोलतात आणि तेच आज अस्सल वाटतं. व्यापारी जहाजांवरच्या भारतीय खलाशांपैकी सहा हजारांहून जास्त या युद्धात गेले. त्यांत आपल्या कोकणातले सारंग आणि आगवाले किती तरी होते. त्यांचे चेहरे या चित्रपटांत कुणी मुद्दाम आणले नाहीत. कुठं एखाद्या कोपऱ्यात, कोळशाच्या काळोखात, क्षणभर दिसले तर दिसले. तो कोपरा शोधायला तरी रीळ शाबूत हवं.

याच फोर्डनं मिडवेनंतर आणखी एक लहानशी फिल्म केली, आठेक मिनिटांची. मिडवेच्या लढाईत 'हॉर्नेट' जहाजावरून टॉर्पेडो स्क्वॉड्रन ८ ची १५ विमानं उडाली होती. एकही परतलं नाही. ३० जणांतला एकच वाचला. उड्डाणाआधी ही पोरं विमानासमोर उभी राहून हसताहेत, असं काही चित्रण जहाजावर झालेलं होतं. फोर्डनं ते जोडून प्रती काढल्या आणि त्या पोरांच्या घरी पाठवल्या. थिएटरसाठी नव्हे, घरच्यांसाठी. समुद्रयुद्धावरचा मला माहीत असलेला हा सगळ्यांत प्रामाणिक चित्रपट, आणि त्यात युद्ध अजिबात नाही.

आपल्या नौदलाच्या वाट्याला असलं काही आलं नाही. लढाया आल्या. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात 'एचएमआयएस बेंगाल' ही सातशे टनांच्या आतबाहेरची छोटी नौका ऑस्ट्रेलियाहून इकडं येत होती, सोबत 'ओंदिना' हे डच तेलवाहू जहाज. समोर जपानची दोन सशस्त्र जहाजं, प्रत्येकी दहा हजार टनांवरची. पळायचं सोडून 'बेंगाल' अंगावर गेली. 'होकोकू मारू' बुडालं, दुसरं निघून गेलं. नेमका कुणाच्या गोळ्यानं निकाल लागला यावर 'बेंगाल'वाले आणि डच यांच्यात वाद राहिला. चित्रण असतं तर कदाचित मिटला असता, किंवा नव्यानं सुरू झाला असता. या लढाईची स्मृती राहिली ती अहवालांत, पदकांत आणि मागाहून काढलेल्या चित्रांत.

रॉयल इंडियन नेव्हीच्या काही लढाऊ नौकांना नद्यांची नावं होती. सतलज, जमुना, कावेरी, किस्तना, गोदावरी आणि नर्मदा. इंग्रजी कागदात 'नर्बदा'. नर्मदा म्हणजे नंदुरबारची उत्तरेची हद्द. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून जिचं पाणी दिसतं तिच्या नावाची ही नौका १९४५ च्या जानेवारीत आराकानच्या किनाऱ्यावर, म्येबोन आणि कांगॉच्या लढायांत, खाड्यांत शिरून तोफा डागत होती. ब्रह्मदेशच्या मोहिमेवर रॉय बोल्टिंगचा 'बर्मा व्हिक्टरी' हा मोठा माहितीपट त्याच वर्षी आला. पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९४६ ला, मुंबईच्या 'तलवार' तळावर नाविकांनी अन्नावर बहिष्कार टाकला, आणि पाच-सहा दिवसांत ७८ जहाजं आणि २० तळ उठावात उतरले. त्यांत 'नर्मदा'ही होती. ज्या तोफांचा गडगडाट सरकारनं सक्तीनं ऐकवला होता त्या तोफा आता मुंबईच्या दिशेनं वळल्या होत्या, आणि या वेळी ते दाखवायला कोणतंही कलम नव्हतं. फाळणीत नौदल वाटलं गेलं तेव्हा 'नर्मदा' आणि 'गोदावरी' पाकिस्तानकडं गेल्या. 'नर्मदा'ची 'झेलम' झाली. आपल्या नदीच्या नावाची नौका शेवटी दुसऱ्या देशात, दुसऱ्या नदीच्या नावानं भंगारात गेली.

खुद्द नर्मदेवर कॅमेरा आला तो अर्ध्या शतकानं, आणि सरकारच्या उलट्या बाजूनं. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांवर, मणिबेलीवर, आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी 'अ नर्मदा डायरी' (१९९५) केला. चढतं पाणी आणि जागचे न हलणारे लोक. तोही एका बाजूचाच चित्रपट आहे, आणि बाजू घेतल्याचं तो लपवत नाही. १९४३ ची रिळं आणि हा चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तर माहितीपट म्हणजे काय, यावर वर्गात तासभर बोलण्याऐवजी दोन प्रश्न पुरतात : कॅमेरा कुणाच्या होडीत होता, आणि तेलपाणी कुणाचं होतं?

१९७१ मध्ये समुद्रयुद्ध पुन्हा आपल्या दाराशी आलं, आणि आता तर ते पुरतं अदृश्य झालं होतं. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या आणि 'निर्घात'नं पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडवली. रात्रीची वेळ, दिवे बंद, लक्ष्य म्हणजे रडारवरचा ठिपका. मारणाऱ्यानं मरणाऱ्याला पाहिलंच नाही. आज या मोहिमेवरच्या कार्यक्रमांत क्षेपणास्त्र सुटताना दिसतं ते बहुधा सरावातलं असतं, कधी तर दुसऱ्याच देशाचं. ९ डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्याचंही चित्रण नाही. एस. सुखदेव यांच्या 'नाइन मंथ्स टू फ्रीडम'सारख्या त्या युद्धावरच्या मोठ्या माहितीपटानं कॅमेरा निर्वासितांच्या छावण्यांकडं, जमिनीकडं वळवला, आणि ते योग्यच होतं. जिथं काही दिसत होतं तिथं तो गेला. रिकामी राहिलेली जागा पुढं 'द गाझी अटॅक'सारख्या कथापटांनी भरली. भरती मैदानावरच्या पोरांना नौदलाविषयी जे माहीत आहे त्यातलं बरंचसं तिथूनच आलेलं आहे.

म्हणून जुन्या रिळांचं काय करायचं याचं माझं उत्तर अगदी साधं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आणि फिल्म्स डिव्हिजनच्या साठ्यात, जो आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडं (एनएफडीसी) गेला आहे, जे काही आहे त्याला मराठी निवेदन द्यावं. त्यातलं कोणतं दृश्य प्रत्यक्षातलं, कोणतं सरावातलं आणि कोणतं स्टुडिओतलं, हे पडद्यावरच लिहावं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत खानदेशच्या त्या वर्षांचे कागद चाळून, त्याच आठवड्यात इथं काय घडत होतं तेही जोडावं. सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांच्या बाजारालगत तंबू लावून दाखवायलाही हरकत नाही. २२ मिनिटांना आज कुणी नाही म्हणणार नाही, आणि या खेपेला भाडं सरकारनं भरावं.

पण १९७१ साठी रीळच नाही. तिथं माणसंच आहेत. तेव्हा विशीत असलेले नाविक आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत, आणि ते फक्त मुंबई-कोकणात राहतात असं नाही; निवृत्तीनंतर माणूस आपल्या गावी येतो, गाव समुद्रापासून कितीही लांब असो. त्यांच्यासमोर मोबाइल धरायला भरतीच्या मैदानावरचं कुठलंही पोरगं चालेल. पदकांविषयी नंतर विचारावं. आधी विचारावं, आप्पा, त्या रात्री तुम्ही जहाजात नेमके कुठं होतात, हातात काय होतं, आणि बाहेर काय चाललंय ते तुम्हाला कशावरून कळत होतं?